गाऱ्याचे टायर

वडनेरच्या पुढे आईचं वावर आहे, तिच्या वडिलांनी तिच्या नावानं करून दिलेलं. ते माझा मामेभाऊ मक्त्यानं वाहतो. माणूस वाईट नाही. गोड बोलतो, दिवाळीला येतो, आईच्या पाया पडतो. फक्त पावसाळा लागला की त्याचं एकच पालुपद सुरू व्हायचं. "आत्या, तुमी कायले येता? पांदणीत गुडघाभर गारा हाये. मी फोटो पाठवतो ना."

गारा म्हणजे आमच्याकडचा चिखल. आणि पांदण म्हणजे डांबरी रस्त्यापासून वावरापर्यंत जाणारी कच्ची वाट, दोन्ही अंगांनी बाभळी. उन्हाळ्यात तिथून कोणतीही गाडी जाते. पावसाळ्यात माणूससुद्धा चपला हातात घेऊन जातो, कारण पायात ठेवल्या तर वावर येईपर्यंत एकेका पायाला घमेलंभर माती चिकटते. आईचे गुडघे काही त्या लायकीचे राहिले नाहीत. मग फोटो यायचे. आई चष्मा लावून ते मोठे करून पाहायची आणि मोबाइल पालथा ठेवून द्यायची. फोटोत कपाशी कोणाचीही सारखीच दिसते.

गेल्या दिवाळीला मामेभावानं विषय काढलाच. वावर त्याच्या नावानं करून द्यावं, घरातल्या घरात राहील, आत्यालाही पावसाळाभर काळजी नको. आई ताडकन नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसती फराळाची बशी त्याच्यापुढे सरकवली, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तो गेल्यावर ती फराळाचे डबे आवरता आवरता म्हणाली, "उन्हाळ्यात वावर कोणाचंही असते. पावसाळ्यात जो पोचते त्याचं असते. पुढच्या पावसाळ्यात माया पाय धुऱ्याले लागला तर वावर मायं. नाई तर देऊन टाकू त्याले."

एवढी मास्तरीण बाई, पण अशा बाबतीत तिचा न्याय एकदम गावच्या पंचासारखा. मी म्हटलं, ठीक आहे, वावराच्या बांधाला तुझा पाय मी लावून देते.

जीप माझ्याकडे होती. जुनी, चारही चाकं ओढणारी, मी हौसेनं घेतलेली. वर्ध्याहून सावंगीला नोकरीला जाताना तिच्या आवाजानं कॉलनी उठते म्हणून शेजारणी टोमणे मारतात, ते मी कधीच मनावर घेतले नाहीत. जुलैत आईला न सांगता मी एकटीच वडनेरला गेले आणि जीप पांदणीत घातली. पांदणीच्या तोंडाशीच खेळ संपला. टायरच्या नक्षीत काळी माती गच्च भरली आणि चारही चाकं गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागली. मामेभावानं ट्रॅक्टर आणून मला मागे ओढलं. दोर सोडताना म्हणाला, "ताई, जीप घेतल्यानं पांदण थोडीच भेटते." माझं डोकं असं फिरलं की वर्ध्यापर्यंत मी जीपमध्ये एक गाणंही लावलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या टायरच्या दुकानात. मालकानं माझ्यापुढे एक काळा राक्षस गडगडत आणला. रुंद, जाड, बाजूला पांढरी अक्षरं. "मॅडम, ये डालो. गाडी का लुक चेंज. रोड पे मक्खन." मी म्हटलं, रोडवर माझं काही अडलेलं नाही, मला पांदणीत जायचंय. त्यावर तो म्हणाला, मग तर हेच, रुंद टायर म्हणजे जास्त पकड. तुमच्या वडनेरच्या भाऊंनीही नव्या गाडीला हेच घेतले. हे त्यानं सांगायला नको होतं. मामेभावाच्या गाडीला आहेत तेच टायर मी घेणं शक्यच नव्हतं. पण नुसत्या रागावर टायर निवडता येत नाही, तेवढं मला कळतं.

म्हणून रविवारी चपला हातात, काठी घेऊन पांदण चालले. काठी रोवत गेले. वर वीतभर, कुठे हातभर गारा, आणि खाली टक्क आवाज. कधीकाळी टाकलेला मुरूम तिथे अजून शाबूत होता. म्हणजे गाऱ्यावर तरंगायचं नव्हतं, तो कापून खाली जायचं होतं. घरी येऊन हे सांगितलं तर आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? बंडीचं चाक कधी रुंद पाह्यलं का तू? आमी भर श्रावणात बंडीनं जाऊन राह्यलोतो." झालं. बैलगाडीच्या चाकातच उत्तर मिळालं. अरुंद, उंच टायर, आणि नक्षीचे ठोकळे दूर दूर, म्हणजे मधली माती फिरता फिरता बाहेर फेकली जाईल. रुंद टायर तर वर मडगार्डातही माती कोंबून बसला असता.

पण अरुंद टायर वर्ध्यात कुणाकडे नव्हते, नागपुरातही नव्हते. लुकचा जमाना आहे. शेवटी पुण्याच्या एका दुकानाचा नंबर मिळाला.

"वर्ध्याहून बोलतेय. गाऱ्याचे टायर आहेत का? अरुंद?"

"कसले?"

"गाऱ्याचे. गाऱ्यात चालणारे."

तो थांबला. "मॅडम, गारा पडत असताना गाडी चालवायचीय तुम्हाला?"

"पडत असताना नाही हो, नंतर. चांगला गुडघाभर असतो आमच्याकडे."

"गुडघाभर! वर्ध्यात? मग वितळायला किती वेळ लागतो?"

"वितळायला तो काय बर्फ आहे?"

"गारा बर्फाच्याच असतात ना, मॅडम!"

मी आवाज चढवून गारा, गारा म्हणत राहिले आणि तो बिचारा बर्फ, बर्फ. आतल्या खोलीतून आई ओरडली, "अवं, चिखल म्हण त्याले, चिखल!" मग तिकडे तो जो हसला, त्यानं फोन दुकानातल्या दुसऱ्यालाही ऐकवला. मीही हसले, पण शब्द काही बदलला नाही. हसण्याचा फायदा एवढाच झाला की त्यानं मनावर घेऊन गोदाम धुंडाळलं आणि अगदी हवे तसे टायर काढले. "हे कोणी घेत नाही मॅडम, दिसायला किरकोळ आहेत." चार आणि एक स्टेपनी, पाचही मागवले. पार्सलवर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं होतं: गाऱ्याचे टायर.

बसवल्यावर जीप खरंच किरकोळ दिसायला लागली. शेजारीण म्हणाली, सायकलचे बसवले का गं? म्हटलं, हो.

भाद्रपदात चांगला पाऊस झाला आणि मग उघडीप पडली. पाऊस चालू असतो तेव्हा गारा पातळ असतो, उघडीप पडली की तो खरा चिकटायला लागतो. मी मुद्दाम असाच दिवस धरला. सोप्या दिवशी गेलो असतो तर आईनंच तो मोजला नसता.

आईनं आधी कळवलं होतं, म्हणून मामेभाऊ पांदणीच्या तोंडाशी आपली नवी गाडी घेऊन उभाच होता. आमचे टायर पाहून त्याला हसू आवरेना. "आत्या, तुमी माया गाडीत बसा. ताईची फसन." आई सीटवर होती तिथून हललीही नाही. "तू हो पुढं," एवढंच म्हणाली.

तो पुढे झाला. थोडं अंतर गाडी झोकात गेली. मग त्याचे ते रुंद टायर मातीनं भरत भरत लाडू झाले, गाडी आडवी सरकली आणि अलगद बाभळीला जाऊन टेकली. बाजूला जीपपुरती जागा उरली. मी जीप खालच्या गिअरमध्ये टाकली, ॲक्सिलरेटर एकसारखा धरला. चाकं खाली बसली, मला वाटलं संपलं, आणि तेवढ्यात खालून कडक मुरूम लागल्याचा तो खरखरीत आवाज आला. ढेकळं टपावरून उडायला लागली. एक ढेकूळ उघड्या खिडकीतून आत येऊन आईच्या पदरावर पडलं. मामेभावाच्या गाडीजवळून जाताना तो हात करून ओरडत होता. मी ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नको," आई म्हणाली. "आधी वावर."

थांबले नाही. असा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी मोठ्यानं ओरडत होते, काय ते आठवत नाही.

वावर आलं. आईनं चपला जीपमध्येच ठेवल्या, माझ्या खांद्याला धरून उतरली आणि धुऱ्यावर अनवाणी उभी राहिली. कपाशी कमरेला लागत होती, पिवळी फुलं, काही गुलाबी पडलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी. एकेका ओळीवरून नजर फिरवत तिनं सगळं वावर पाहून घेतलं. मग म्हणाली, "फोटोत तूर दिसतच नोती." आणि डोळे पुसले.

बऱ्याच वेळानं मामेभाऊ आला. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत लडबडलेली. "आत्या, लय गारा हाये बावा यंदा. गाडी ओढून देता का?"

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कायले ओढाची? फोटो पाठवजो ना गाडीचा."

पहिल्यांदा तोच हसला, हे मात्र मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. परतताना त्याची गाडी आम्ही ओढून काढली. दोर सोडताना मला जुलैचं ते वाक्य आठवलं होतं, ओठांवरही आलं होतं, पण आई शेजारी होती. डांबरी रस्त्यावर त्यानं हळूच विचारलं, "आत्या, मंग ते दिवाळीचं, नावाचं..."

कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे वावरात दहीभाताचा नैवेद्य देतात, त्याला सीतादही म्हणतात. ज्याचं वावर, त्याच्या घरच्या बाईनं तो द्यायचा.

"सीतादही घालाले मीच येतो," आई म्हणाली. "दही घरून आणतो. तू भात टाकून ठेवजो."