शिवणीपुरती जास्त खोली

वहिनींना अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. जन्म गेला दुसऱ्याच्या शिंपीदुकानात काजं करण्यात. मालक कापायचा, कारागीर शिवायचे, आणि सगळ्यांचं झालं की कपडा वहिनींकडे यायचा. कापण्यापासून बटणापर्यंत एक सबंध कपडा आपल्या हातून व्हावा आणि तो आपल्या दुकानात व्हावा, एवढीच बाईची हौस.

त्या हौसेपायी त्यांनी कोपऱ्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. भाडं आणि शिलाई मशीन एवढाच हिशोब मांडून उडी मारली होती. मग न बोलावलेले पाहुणे येऊ लागले. घरमालकाची अनामत. दलालाची दलाली. करारनाम्याचा खर्च. विजेच्या मीटरची अनामत निराळी, आणि ती भरण्यासाठी जो अर्ज लागतो त्याची फी आणखी निराळी. उघडण्याआधीच दुकानाला एवढी भूक लागते, हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर ते कुणीच कुणाला सांगत नाही. सांगितलं तर दुकानं उघडायची कोणी?

बोलायला मात्र घरात नणंद होती. नवऱ्याची थोरली बहीण, तिचा नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आलेली. हातशिलाईत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच.

"आज कुणाचं घर भरून आलीस, वहिनी?" दार उघडताच ती विचारायची.

"मीटरवाल्यांचं. आता दुकानाच्या परवान्याचं तेवढं राहिलंय, ताई."

"मशीनपुरतं तरी राहू दे गं बाई. नाहीतर बसशील रिकाम्या खोलीत वारा शिवत."

टोमणा खरा होता, म्हणून जास्त झोंबायचा. वहिनींचा नवरा अशा वेळी पेपरात तोंड खुपसून बसे. पण खोलीचं कुलूप काढलं की वहिनींना कशाचीच शुद्ध राहत नसे. त्या जमिनीवरच बसायच्या. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीला लागायचं आणि त्या उजेडात त्यांना सगळं दिसायचं. इथे कापायचं टेबल. तिथे आरसा. दोरीवर ओळीनं टांगलेले, कुणाची तरी वाट पाहणारे कपडे. रस्त्यावरून हाका येत, सायकलच्या घंट्या येत, पण सगळं लांबून, पाण्याखाली ऐकू यावं तसं.

असंच एकदा परवान्याच्या अर्जासाठी त्यांनी खोलीचं माप घेतलं. दुसरं काही सुचलंच नाही, गळ्यातली टेप काढली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्या हळूहळू सरकत राहिल्या. डोळ्यांपुढे आरसा, टेबल, कपडे. आणि हात सवयीनं जे करतो ते करून मोकळा झाला. प्रत्येक बाजूला शिवणीसाठी थोडं जास्त धरलं. धुतल्यावर कापड आटतं, वर्षभरात माणूस सुटतो. खोलीला यातलं काहीच होत नाही, हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही.

ते परवान्याच्या कचेरीत आलं.

"तुमची खोली मोठ्यात गेली," कारकून म्हणाला. "फी दुप्पट."

मशीनचे पैसे त्यातच जाणार होते. चूक काय झाली तेही लगेच लक्षात आलं आणि लाजेनं कान तापले.

"माप चुकलंय हो माझं," त्या म्हणाल्या. "लहान आहे खोली."

"मग खोडा आणि लहान लिहा, त्यात काय एवढं! लहानीत एकट्यानं काम करायचं, मोठीत दोघांना परवानगी." त्यानं पेन पुढे केलं. "दुसरं कोणी आहे का तुमच्याकडे?"

वहिनी पेन हातात धरून उभ्या राहिल्या. मागची माणसं चुळबुळ करू लागली. समोर पुन्हा ती खोली होती, तेच ऊन, आणि खिडकीपाशी पाठमोरं कुणीतरी टाका घालत बसलं होतं. मान जराशी डावीकडे कललेली. ती मान वहिनींनी घरात रोज पाहिली होती.

"आहे," त्या म्हणाल्या आणि नणंदेचं नाव लिहिलं.

घरी येऊन त्यांनी परवाना नणंदेच्या हातात दिला आणि चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीनं उभ्या राहिल्या.

"यावर माझं नाव कशाला?"

"दोघींची परवानगी घेतली, ताई."

"आणि मशीन?"

"मशीनपुरतं नाही उरलं."

नणंदेनं पदराला हात पुसले. नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिचा आवाज जरा घोगरा झाला. "हे गेल्यापासून माझं नाव कुठल्या कागदावर चढलं नव्हतं गं."



"मशीन येईपर्यंत हातानं शिवू," नणंद म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला पायांत सरकवू लागली. "चल, दाखव मला ती खोली."

"आत्ता?"

"मग कधी? इतके दिवस येऊन नुसता खर्च सांगितलास. एकदा तरी म्हणालीस का, ताई, चला बघायला?"