कमलचं जपानी गाणं

माईक कमलच्या हातात होता आणि जपानी बाईनं त्यावर आपला तळहात ठेवला. कमल गायची थांबली. धून मात्र चालूच राहिली आणि भिंतीवरच्या पडद्यावर जपानी अक्षरं पुढे सरकत राहिली. रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या तलावासमोरच्या त्या हॉलमध्ये शेजारपाजारच्या बाया खुर्च्यांवर बसल्या होत्या. कोणी टाळी वाजवली नाही.

कमल माझी धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी तिच्या नातीचं, रुचाचं लग्न होतं. हात ठेवणारी बाई नवरदेवाची आई होती, साचिको.

"मी उद्या मांडवात येत नाई," कमल म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

रुचाला आई नाही. कमलनंच तिला लहानाचं मोठं केलं. कमल मांडवात नसती, तर पोरीच्या मागे आईच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं.

मी आठवडाभर आधी वर्ध्याहून निघाले होते. डब्यात बसले, शेजारणीला सरकायला सांगितलं आणि खिडकी धरली. गोंदियापर्यंत ओळखीची शेतं असतात. डोंगरगडचं देऊळ टेकडीवर दिसलं की आपला मुलूख मागे पडला असं समजावं. पुढे नुसते धानाचे बांध. कापणी झालेली होती, जमीन सुकून भेगाळली होती.

रायपूरला उतरले तर ऑटोवाला म्हणाला, "कहां जाना हे, दाई?" इकडे म्हाताऱ्या बाईला दाई (आई) म्हणतात. मी शंकर नगर सांगितलं. माझ्या मांडीवरचा लाडवांचा डबा पाहून तो म्हणाला, "बिहाव हे का?" मी म्हटलं, लग्नच आहे, पण नवरा जपानचा आहे. त्यानं मागे वळून मला एकदा नीट पाहून घेतलं.

कमलनं सकाळी फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) केला होता. सोबत टमाट्याची चटणी. इतकी वर्षं इथं राहून तिचा स्वयंपाक इथला झाला आहे, बोली मात्र अजून गावचीच आहे. खाता खाता तिनं दार लावून घेतलं आणि मोबाईल काढला.

"आक्का, ऐक. कोनाले सांगू नको."

मोबाईलमध्ये एक जपानी बाई गात होती. रुचा तिकडे नोकरीला होती, तिनंच आजीला ही गाणी दाखवली होती. तिकडच्या बाया घरच्या समारंभात यंत्रावर नुसती धून लावतात आणि शब्द आपण म्हणतात. त्याला काराओके म्हणतात. पोरींची गाणी वेगळी, भरभर, उड्या मारत म्हणायची. मैत्रिणी मिळून म्हणतात ती गोड. आणि वयस्क बायांची एन्का (आवाज थरथरवत म्हणायची जुन्या वळणाची गाणी). त्यांतलं एक कमलनं निवडलं होतं. अर्थ तिनं कोणाला विचारला नव्हता. विहिणीला आणि नातीला चकित करायचं होतं.

"काहून हेच?" मी विचारलं.

"चाल भुलाबाईसारखी वाटते."

मला तसं काही वाटलं नाही. पण तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि तिचा आवाज ऐकून मला गाव आठवलं. आमच्या गावी भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या. कमल गायला लागली की बाया चुलीवरचं सोडून दारात यायच्या. खिरापत (प्रसाद) ओळखायला मी पुढे, गायला ती पुढे. तो आवाज आता थोडा फाटला आहे, पण त्याची जागा सोडत नाही. रोज दुपारी ती मोबाईल कानाला लावून तेच ते शब्द घोकत बसायची आणि मी दाराशी राखण करायची. लग्नासाठी घरी आलेली रुचा खोलीत डोकावली की आम्ही भाजी निवडायला घ्यायचो.

"तुम दोनों क्या छुपा रही हो?" रुचा विचारायची. तिला मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते.

"तुही सासू दिसते कशी ते बोलून राहिलो," कमल म्हणायची.

साचिको आली, ती बारीक, ताठ बाई. वाकून नमस्कार करते आणि चहा संपेपर्यंत कप दोन्ही हातांनी धरून ठेवते. मला आवडली. लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये काराओके ठेवलं होतं, तिथं तिनं स्वतः खंजिरी हातात घेतली, रुचाच्या मैत्रिणींच्या गाण्याला ठेका दिला. कमल उठली, मशीन चालवणाऱ्या बाईला मोबाईल दाखवला आणि माईक घेतला. पहिल्या ओळीला रुचा आनंदानं रडायला लागली. साचिकोनं खंजिरी मांडीवर ठेवली आणि ऐकत राहिली. मग गाण्यात एक शब्द आला आणि ती उठली.

पुढचं मी वर सांगितलं आहे. धून संपल्यावर यंत्रानं गुण दाखवले. तिकडची यंत्रं तसं करतात म्हणे. शाळेत चौथीला कमल नापास झाली होती, इथंही झाली.

"माहा आवाज आवडला नाई त तोंडावर सांगाव," कमल म्हणाली. "हात काहून लावला तिनं?"

"आजी, वैसा नहीं है," रुचा मध्ये आली. "गाने में काएरु है. मतलब परत येणं. वहाँ शादी में ये शब्द नहीं बोलते. दुल्हन मायके लौट आएगी, ऐसा मानते हैं."

"मंग म्या शाप देल्ला का पोरीले?"

आता कमल खरंच रडेल असं मला दिसलं. मी उठून तिच्याजवळ गेले.

"कमल, हात पाह्यला का तिचा? आईनं तुह्या तोंडावर ठेवला होता तसाच ठेवला."



मी रुचाला सांगितलं, हे तुझ्या सासूला तिच्या भाषेत सांग. तुझी आजी लग्न होऊन रायपूरला निघाली, तेव्हा बापावर रुसलेली होती. उंबऱ्यात म्हणाली, "जाते." आमच्यात असं म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. जाते म्हटलं की माणूस कायमचं गेलं. आईचा हात पिठाचा होता, तसाच तिनं कमलच्या तोंडावर दाबला. शब्द तोवर बाहेर पडला होता. कमल पुढे दोनदा-तीनदा माहेरी आली असेल. मग आई गेली आणि ते घरही गेलं.

रुचा सांगत होती आणि साचिको कमलकडे बघत होती. शेवटी तिनं काहीतरी विचारलं.

"पूछ रही हैं, तो फिर सही शब्द क्या है?"

"येते," कमल म्हणाली.

"येते," साचिको म्हणाली. तिचा 'ये' लांबला. मग ती कमलपुढे खाली वाकली आणि खंजिरी उचलून दाखवली. दुसरं म्हणा, असा त्याचा अर्थ होता. कमलनं नाक पुसलं आणि भुलाबाईचं धरलं. त्याला पडद्यावर अक्षरं नव्हती आणि गुणही नव्हते. साचिकोचा ठेका दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी कमल मांडवात उभी होती, साडी मी नेसवून दिली.

लग्न झाल्यावर जपानला निघालेल्या रुचाला आणि साचिकोला सोडायला आम्ही गेलो. विमानतळाचा रस्ता नवा रायपूरकडे जातो. रस्ते इतके रुंद की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही, आणि पलीकडे माणूस नसतंच. विमानतळाच्या दारापाशी रुचानं आजीला मिठी मारली. काय म्हणावं ते तिला कळेना. ती सासूकडे बघत राहिली. जाते म्हणायचं नाही, आणि येते म्हटलं तर सासूच्या रिवाजात परत येणं आलं.

साचिकोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कमलला म्हणाली, "येते."

"हव (हो)," कमल म्हणाली. "दोघीही या."

मी दोन दिवसांनी निघाले. स्टेशनवर कमलनं चिल्याचा (तांदळाच्या धिरड्यांचा) डबा दिला. मी येते म्हणाले. या वयात त्याचा काय भरवसा, पण दुसरा शब्द आमच्याकडे नाही. डोंगरगड गेल्यावर डबा उघडला. चटणी तिनं माझ्याच लाडवांच्या डब्यात भरली होती, तिला लाडवांचा वास लागला होता, तरी खाल्ली.

आईनं पिठाचा हात कमलच्या तोंडावर ठेवला, तेव्हा उंबऱ्यापाशी घरातले सगळे होते. त्यांतल्या आता आम्ही दोघीच आहोत, कमल आणि मी.