कोयरी नेमकी कुणाची

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कोयऱ्या छापलेले कापडी बटवे वाण म्हणून लुटले, आणि त्यांच्यापायीच माझी जीभ सुटली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सगळ्या मला जरा हुशार समजतात. मीही समजते, ही खरी अडचण.

"हे पेझली प्रिंट ना? बाहेरचं आहे म्हणे," शेजारीण बटवा उलटसुलट करत म्हणाली.

"बाहेरचं काय यार! आंबा आहे तो, आपला," समोरच्या फ्लॅटमधली फणकारली.

झालं. तबक हातात तसंच धरून मी सुरू झाले. कोणी म्हणतं, ते इराणातलं वाऱ्यानं शेंडा वाकलेलं सरूचं झाड. कोणी म्हणतं, मोड आलेलं बी. काश्मिरी शालींवरून ही नक्षी विलायतेला गेली आणि तिथे तशा शाली विणणाऱ्या एका गावाचं नाव तिला चिकटलं. आपल्याला मात्र तीत कैरीच दिसते. खरं मूळ कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. "म्हणून ती कुणा एकाची नाही," मी म्हटलं, "जो हौसेनं अंगावर वागवेल त्याची." बायका खूश झाल्या. मी तर फारच.

"आई कुठेयत गं? दिसल्या नाहीत," शेजारणीनं विचारलं.

"आत पडलीये जरा. पाय दुखतायत."

आई पडलेली नव्हती आणि तिचे पायही दुखत नव्हते. बाबा गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हापासून ती माझ्याकडे असते. हळदीकुंकवाची चांदीची कोयरी तिच्याच लग्नातली, झाकणावर मोर असलेली. सकाळी तिनं ती रांगोळीनं घासून लख्ख केली, एका खणात हळद आणि दुसऱ्यात कुंकू भरलं. संध्याकाळी पहिली बेल वाजली तशी ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी तिला आत बस म्हटलं नव्हतं. बाहेर ये, असंही म्हटलं नाही. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, हे ऑफिसात मी मोठ्या तोऱ्यात सांगत असते. घरात मात्र या बायका काय म्हणतील, या धाकानं माझी दातखीळ बसली. खरं सांगायचं तर ती आपण होऊन उठली तेव्हा मला हायसंच वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

सगळ्या गेल्यावर मी दार ढकललं. आई पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. अंगावर काठाला कोयऱ्या असलेली तिची ठेवणीतली साडी होती, केस नीट विंचरलेले होते. ती साडी तिनं कधी नेसली, मला कळलंही नव्हतं.

"ऐकलं मी सगळं. छान बोललीस," ती म्हणाली. आवाजात खवचटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी धावत जाऊन कोयरी आणली, झाकण उघडलं, बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळापाशी नेलं. तिनं माझं मनगट धरून हळूच खाली केलं.

"आता? सगळ्या गेल्यावर?"