दिवा मेले

जळालेलं पान आमच्याकडे टाकून देत नाहीत. वडगावातल्या आमच्या शेडमध्ये एक जाडजूड वही आहे. पूर्वी तिच्यात साड्यांच्या काठांचे नमुने चिकटवायचे. उरलेल्या कोऱ्या पानांवर आता आम्ही झाडांची जळालेली पानं चिकटवतो आणि खाली लिहितो, कुठलं झाड, कुठला दिवा, किती उंचीवर. तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून. चुका काही थांबत नाहीत, पण प्रत्येक पानामागं एक किस्सा मात्र जमा होतो. वही इतकी फुगली आहे की आता दोरी बांधावी लागते.

शेड विद्याक्कांची. तिथं त्यांच्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, चार माग होते. माग गेले आणि त्या जागी लोखंडी रॅक आले. रॅकवर घरात ठेवायची झाडं आणि प्रत्येक कप्प्याच्या वर साखळीनं टांगलेला एलईडी दिवा. मी बेळगुंदीची, शेतकऱ्याच्या घरातली. झाडांतलं मला सगळं कळतं, असं मी कामाच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वहीतलं पहिलं पान माझंच आहे!

*

जितका उजेड जास्त तितकं झाड खूश, अशी माझी समजूत. मी सगळे दिवे झाडांपासून वीतभर अंतरावर आणून ठेवले. आठवड्यात मनीप्लांटची वरची पानं पांढरी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग फटफटीत. खोटं कशाला सांगू, दिसायला सुरेख दिसत होती.

टिळकवाडीच्या एक मॅडम आल्या. त्यांना तीच कुंडी आवडली.

"ही कुठली व्हरायटी?"

"नवीन हाय, मॅडम."

"बाकीची पानंपण अशीच येतील का?"

"पुढच्या आठवड्यापर्यंत सगळीच!" मी म्हणाले.

विद्याक्का मागंच उभ्या होत्या. त्यांनी मॅडमच्या हातातून कुंडी अलगद काढून घेतली. "व्हरायटी न्हाय मॅडम, चटका हाय," म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन शिकवलं. पाणी जास्त झालं की पिवळेपणा बहुतेक खालच्या पानांपासून चढतो. दिव्याजवळची वरची पानंच पांढरी पडली, तर दोष दिव्याचा. कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, तर उष्णतेचा.

"आता ही पानं हिरवी कधी व्हायची?" मी विचारलं.

"जळालेलं पान परत हिरवं होत न्हाय, रेखा. पुढचं येतंय ते वाचवायचं."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं. ते माझ्याच अंगावर येणार आहे, हे ठाऊक नव्हतं.

*

दिवे बसवायला मच्छ्याहून बसू यायचा. बसवराज त्याचं नाव. कारखान्यांत वायरिंग करून करून त्याचा आत्मविश्वास फार वाढला होता. "एलईडी गार असतंय हो. जुन्या बल्बागत तापत न्हाय," हे तो दर वेळी ऐकवायचा आणि दिवा खालीच ठेवायचा.

आप्पांनी वाद घातला नाही. आयुष्यभर मागावर बसलेला माणूस, कमी बोलायची सवय. त्यांनी दिव्याखाली, झाडाच्या उंचीला, एक स्टूल ठेवलं.

"बस रं हितं. च्या येस्तोवर बस."

बसूचं डोकं पार तुळतुळीत. बसला. एकदा डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. आमचा चहावाला कोपऱ्यावरच असतो, त्याला यायला असा किती वेळ लागणार? पण बसू त्याआधीच उठला आणि साखळीच्या चार कड्या वर घेऊन दिवा अडकवला. कुणाकडे न बघता म्हणाला, "झाडाला तरी पानं हायत की!"

तेव्हापासून आप्पांचा नियम शेडमध्ये कायमचा झाला. पानाच्या उंचीला हात धरायचा आणि सावकाश तीसपर्यंत आकडे म्हणायचे. हाताला ऊब लागली तर दिवा वर. अर्थात, हाताला ऊब लागली नाही म्हणून उजेड जास्त नसतो असं नाही. त्यासाठी रोज सकाळी वरची पानं बघायची.

*

आता सुजाताचा किस्सा सांगायलाच हवा. ती निपाणीची. आमच्याकडे कामाला आली तेव्हा कानडी अगदीच जेमतेम. 'ऊटा आयता', म्हणजे 'जेवण झालं का', इतपत. आणि आप्पांची तऱ्हा अशी, की माणसांशी ते मराठीत बोलत, पण कामाशी कानडीत. मागावर बसल्यापासूनची सवय.

एके दुपारी बसू शिडीवर चढून दिवे वर घेत होता आणि आप्पा खाली उभे राहून सांगत होते, "मेले... मेले... इन्नू मेले!" कानडीत 'मेले' म्हणजे वर आणि 'इन्नू' म्हणजे अजून. सुजाता बाहेर कुंड्या धूत होती. तिच्या कानावर आप्पांचा आवाज गेला. ती हातातली कुंडी टाकून गल्लीत धावली.

"या हो लवकर! आमच्या शेडात कोन तरी मेले! आप्पा वरडायलेत!"

पाच मिनिटांत निम्मी गल्ली दारात. बायकांनी पदर तोंडाला लावलेले, पुरुष टोप्या काढून हातात घेतलेले. शेजारच्या मामांनी आत डोकावून दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

बसू शिडीवरून म्हणाला, "दिवा गेलाय. वर!"

गल्ली हसत हसत परत गेली. सुजाता मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वही उघडली, एका जळालेल्या पानाखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'दिवा मेले', आणि विद्याक्कांना म्हणाली, "तुमच्याकडं बरं हाय आक्का. मेले म्हटलं की झाडं जगत्यात!"

*

सदलग्याचे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडून चार झाडं आणि एक दिवा घेऊन गेले. महिन्यानं फोन आला, पानं आक्रसून द्रोणासारखी झालीत. विद्याक्कांनी विचारलं, दिवा किती तास चालू असतो?

"चोवीस! अभ्यास जास्त झाला की विद्यार्थी पुढं जातोच."

"गुरुजी, शाळेला सुट्टी कधी देत होता?"

मग गुरुजींनी टायमर बसवला. दिवा रोज दहा तास. नवं झाड आलं तर त्याला पहिल्या दिवशी चारच तास आणि मग हळूहळू वाढवत न्यायचं. गुरुजींनी तसं वेळापत्रकच भिंतीवर लावलं म्हणे. सगळं सुरळीत झालं. पण दिवाळी झाल्यावर पुन्हा फोन. झाडं मान टाकतायत. काय झालं? गुरुजींनी झाडांना दिवाळीची तीन आठवडे सुट्टी दिली होती!

*

यापुढचं पान वहीत आहे, पण ते कुणी उघडत नाही.

आप्पांच्या पत्नीला सगळे अव्वा म्हणायचे. मागाशेजारच्या खिडकीत बसून त्या विणायच्या सुताच्या कांड्या भरायच्या. त्याच खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी ठिपक्यांच्या पानांचा बिगोनिया लावला होता. अव्वा गेल्या. माग गेले. डबा राहिला. आप्पा रोज सकाळी त्याला पेलाभर पाणी घालायचे आणि मगच चहा घ्यायचे.

पुढं आणखी एक रॅक लावताना ती खिडकी पत्र्यानं बंद झाली. डबा अंधारात पडलेला मला बघवेना. एका शनिवारी, घरी निघताना, मी तो उचलला आणि सगळ्यात मोठ्या दिव्याखाली ठेवला. चांगला उजेड मिळावा म्हणून. उंची बघितली नाही. हात धरला नाही. इतकं सगळं शिकून, लिहून, दुसऱ्यांना समजावून सांगून, मी हात धरला नाही.

सोमवारी शेड उघडली तर बिगोनिया गेला होता. पानं कागदासारखी पांढरी, कडा करपलेल्या, देठ लोळलेले.

आप्पा पेला घेऊन आले आणि डब्यासमोर उभे राहिले. मी म्हणाले, "आप्पा, माझ्यानं झालं." मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जळालेलं परत हिरवं होतंय का गं?"

"न्हाय, आप्पा."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि ते निघून गेले. चार दिवस शेडमध्ये आले नाहीत. त्या चार दिवसांत मी बेळगुंदीहून रोज येत होते ते फक्त रडायला.

करपलेल्या पानांखाली, डब्याच्या काठाच्या सावलीत, एक छोटं पान तेवढं वाचलं होतं. विद्याक्कांनी ते खुडलं, त्याच्या शिरांना ब्लेडनं बारीक छेद दिले आणि ओलसर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुश्यावर, पालथं नव्हे, सुलटं टेकवलं. छेदातून मुळं फुटतात आणि मग नवी रोपं. फुटली तर! दिवा मंद, हातभर उंच. मी आप्पांच्या घरी जाऊन एवढंच सांगितलं, "एक पान हाय."

पाचव्या दिवशी आप्पा आले. पेला आणला नव्हता. त्यांनी त्या पानाच्या उंचीला हात धरला आणि तीस आकडे म्हटले. मग रोज तेच. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं.

दोन महिने पान तसंच पडून होतं.

*

नंतर आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलतील की नाही सांगता येत नाही. विद्याक्का तासन् तास त्यांच्याशी बोलत बसायच्या. आप्पा नुसते छताकडे बघायचे.

त्याच आठवड्यात छेदातून पहिलं रोप वर आलं. शेंगदाण्याएवढं पान, पण त्यावर ठिपके होते. मी ते अव्वांच्या डब्यात लावलं आणि दुपारी सुजाताला घेऊन आप्पांच्या घरी गेले.

खोलीत पाहुण्यांची गर्दी. शहापूरचे, धारवाडचे, इचलकरंजीचे. खिडकी अडवून माणसं उभी, त्यामुळे आत अंधार. मी वाट काढत पलंगाशी पोचले आणि डबा टेबलावर ठेवला. आप्पांना ते रोप दिसावं म्हणून टेबललॅम्प लावला आणि त्याची मान खाली वाकवली. पार रोपाला टेकेपर्यंत.

आप्पांनी मान वळवली. डब्याकडे बघितलं. ओठ हलले.

"मेले," आप्पा म्हणाले.

इचलकरंजीच्या आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अव्वा मेल्याचं आठवलं गं त्यांना!" धारवाडच्या काकूंनी मान हलवली. "न्हाय, न्हाय. वर निघालो म्हणत्यात." त्यांनी हात जोडले. विद्याक्का पलंगाची कड धरून खाली बसल्या.

"मेले," आप्पा पुन्हा म्हणाले. डावा हात चादरीबाहेर आला.

सुजातानं आत्यांना बाजूला सारलं, पुढं झाली आणि लॅम्पची मान धरून वर उचलली.

"इन्नू?" तिनं विचारलं.

"इन्नू," आप्पा म्हणाले.