मृदंगाची कणीक

वडील तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होते, तेव्हाची गोष्ट. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून वसाहतीतल्या एका परदेशी बाईंकडे दुभाषी म्हणून मला पाठवत. बाईंना देशोदेशीच्या हातवाद्यांचा नाद. भिंतीवर अरबी डफ, कोपऱ्यात आफ्रिकेतला ढोल, टेबलावर बोंगो. रविवारच्या पाहुण्यांना दाखवायला इथलंही एक वाद्य हवं होतं. कोळीवाड्यातल्या भजनी म्हाताऱ्याला मीच मृदंगासकट घेऊन गेले.

त्यांनी मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डावीकडच्या कातड्यावर, ओली कणीक थापली आणि खोल घुमारा काढला. उरलेला गोळा, कुणाला न विचारता, आफ्रिकी ढोलावर चिकटवला. तोही तसाच घुमला.

"बघ बाय, यो बी आमच्यातलाच. उपाशी व्हता."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "सगळे ढोल भाऊ-भाऊच," असं काहीतरी म्हणाल्या. मृदंग कणकेसकट सोमवारपर्यंत राहू दे, पाहुणे बघतील, असा त्यांचा हट्ट.

निघताना म्हातारबाबा मला म्हणाले, "पाव्हणे गेले का कणीक खरवडायला सांग. नायतर उंदीर कातडं खातील. एकादशीला भजन हाय."

त्या लखलखीत दिवाणखान्यात उंदीर हा शब्द माझ्या तोंडून निघेना. "नंतर स्वच्छ करायला सांगतायत," एवढंच मी इंग्रजीत पुटपुटले.

सोमवारी आम्ही मृदंग न्यायला गेलो, तर डाव्या पुडीला तळहाताएवढं भोक होतं. आफ्रिकी ढोल मात्र पुसून चकचकीत. तो आम्ही निघाल्याबरोबर पुसला, हे बाईंनीच सांगितलं. त्यांनी बोंगो पुढे केला. हा घ्या, भाऊच आहे.

"काय बोलते?" म्हातारबाबांनी विचारलं. मी अक्षरही न गाळता सांगितलं.

"मग तिच्या भावाचं तोंड पुसलं, नि माझ्या भावाचं नाय?"

हे मी मोठ्याने इंग्रजीत म्हणाले. रागाने माझा आवाज फाटला. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "पण उंदरांचं मला कुणी सांगितलंच नाही."

खोटं नव्हतं ते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेही सांगितलं, आणि कुणी सांगितलं नाही तेही.

त्यांनी बोंगो टेबलावर ठेवला, मृदंग खांद्याला अडकवला.  फाटकाशी म्हणाले, "तुमच्या इंग्लिश शाळेत उंदीर नसतात काय गो?"

एकादशीला भजन नुसत्या टाळांवर झालं. मी मागे उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.