अक्काला दाखवलेला दीड स्टारचा सिनेमा

शहरातल्या एका पेपरात मी सिनेमांवर लिहितो, दर शनिवारी छापून येतं. टीव्हीवरची स्किटं ताणून केलेला तो विनोदी सिनेमा आला, तेव्हा मी त्याला दीड स्टार दिला, तोही जिवावर येऊन. शेवटी लिहिलं, 'अक्कल घरी ठेवून येणाऱ्यालाच इथं हसू येईल.' वाक्य जमलं म्हणून स्वतःवर लई खूश होतो.

माझी मोठी बहीण पैठणला पैठणी विणते. उजेडासाठी तिचा माग खिडकीपाशी, टीव्ही पाठीमागं. तीच स्किटं ती रोज पाठमोरी ऐकायची. आवाजावरून सगळ्या नटांना ओळखायची, तोंडं मात्र कुणाची धड पाहिलेली नव्हती. "एकदा मोठ्या पडद्यावर बघायचेत मला," म्हणाली आणि त्या शनिवारी माग बंद ठेवून एसटीनं आली. सणालासुद्धा माग बंद ठेवणारी ती नव्हे.

थिएटरात लोक हसून लोळत होते. अक्का ताठ बसलेली. वरातीत एकाचा पाय बादलीत अडकतो आणि तो तसाच नाचत राहतो, तिथं तर तिनं तोंडात पदर कोंबला. खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडायलीय. घाबरलोच.

मध्यंतरात विचारलं, "काय होतंय गं?"

"काय नाय. बसमध्ये तुझा पेपर वाचला," ती म्हणाली. "भावानं असं छापलंय अन् सख्खी बहीणच खिदळायलीय, लोक काय म्हणतील तुला?"

तिथं आम्हाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. हस गं बाई, म्हणून परोपरीनं सांगितलं. मध्यंतरानंतर मीच मोठ्यानं हसून दाखवलं.

"उगं नको," ती म्हणाली. "तुला जमत नाय."

शेवटपर्यंत ती हसली नाही. तिला एसटीत बसवून देताना मला स्वतःची लाज वाटत होती.

दिवाळीत तोच सिनेमा टीव्हीवर लागला, त्या दुपारी मी पैठणला गेलो होतो. बाहेर चपला काढतानाच तिचं हसणं ऐकू आलं. आत बादलीचा खणखणाट चालू होता. टीव्हीकडं पाठ, मागावरचा धोटा हातात तसाच, आणि अक्का डोळे पुसत हसत होती. ती एवढं हसते हे मी विसरलोच होतो.

तिनं वळून पाहिलं. मला दारात बघून पदर तोंडाशी गेला.

"हस की अक्का," मी म्हणालो.

"व्हय," म्हणत ती उठली. टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "बस, चहा ठेवते."