परखीवाला हाजी

हाजीनं कुणाच्या शब्दावर मका घेतल्याचं मला आठवत नाही. सिल्लोडला त्याची आडत होती. गाडी लागली की तो परखी घेऊनच उठायचा. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. पोत्याच्या पोटात खुपसली की मधले दाणे हातावर येतात. वर वाळलेली अन् मधी ओली मका भरणारे आमच्यात कमी नव्हते. मी तसला नव्हे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. तरी हाजी माझ्याही पोत्यात परखी घालायचाच.

"हाजी, माझ्यावर भरवसा नाय व्हय?"

"तुझ्यावर लई हाय, पाटील. पोत्यावर नाय."

मी रागानं गाडी दुसऱ्या आडतीवर न्यायचो आणि चहा प्यायला परत त्याच्याकडंच यायचो. सख्ख्या मेव्हण्याची पोतीही त्यानं सोडली नव्हती. ईदच्या दिवशी मेव्हण्यानं ते जेवताना बोलून दाखवलं, तर हाजी म्हणतो, "शीरखुर्मा गोड हाय ना? मग मका कशाला आणतो मधी?"

असा हा माणूस स्वतःच्या दुखण्याला मात्र वरूनच बघत राहिला. पाय सुजले, सकाळी तोंड फुगायचं, लघवीला फेस यायचा. उष्णता म्हणून जिऱ्याचं पाणी प्यायला. अंगावरचं मांस उतरलं तेव्हा पोरानं त्याला संभाजीनगरला जालना रोडवरच्या दवाखान्यात नेलं. मीही गाडीत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

रक्तात क्रिएटिनिन लई वाढलेलं निघालं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "चाचा, किडनी बिघडत गेली की बहुतेक वेळा आकसते. तुमच्या दोन्ही वाढल्यात. खडा नाही, वाटेत अडथळा नाही. आतच काहीतरी भरलंय. सुईनं बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय काय ते कळणार नाही."

"सुई नाय," हाजी म्हणाला. "सुई लावली की गाठ भडकती. आमच्या मामूची भडकली."

बाईंनी समजावलं, पोरगा रडला. हाजी डायलिसिसला तयार झाला, सुईला नाही. यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, घरी यायचं, परत जायचं. रोग काय ते कुणालाच ठाऊक नाही, मग औषध कशावर देणार? माणूस आमच्या डोळ्यांदेखत चालला होता.

शेवटी मी त्याच्या खाटेपाशी जाऊन भांडलो. "जन्मभर माझ्या पोत्यांना भोकं पाडलीस. तुझ्या परखीनं माझी मका किडली का कधी? का किडकी होती ती नुसती दिसली?"

तो हसला. "पाटील, लई दिवसाचा राग काढला." अन् पोराला हाक मारली.

त्याला पालथं झोपवून, पडद्यावर बघत, पाठीतून सुई घातली. तपासणीत लिम्फोमा निघाला. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असतो, तो किडन्यांत दाटून बसला होता. रोगाला नाव मिळालं तसं औषधही मिळालं. केस गेले, पण किडन्यांची सूज उतरली, लघवी सुधारली, यंत्र सुटलं. एक मक्याचा हंगाम तो परत आडतीवर बसला. माझ्याशी भांडलाही.

पुढच्या हंगामात दुखणं उलटलं. या वेळी डोक्यात गेलं. मी भेटायला गेलो तेव्हा पोरगा बाहेर डॉक्टरीणबाईंशी बोलत होता. हाजीची जीभ जड झाली होती. त्यानं मला जवळ बोलावलं.

"त्यांना सांग, परत सुई लावा. कुठं बी लावा. आता मी नाय म्हणत नाय."

मी बाहेर जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता तपासायचं काही उरलं नव्हतं, सगळं कळलेलंच होतं. मी परत आत आलो. हाजी दाराकडंच बघत होता.

"काय म्हणल्या?"

"उद्या बघू म्हणल्या," मी म्हणालो, आणि त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.